कॅलिफोर्नियाला माल पाठवताय? प्रपोझिशन ६५ च्या लेबलात या चुका टाळा

पिवळ्या त्रिकोणात काळं उद्गारचिन्ह आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘वॉर्निंग’. कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या असंख्य वस्तूंवर हे दिसतं, ते प्रपोझिशन ६५ मुळे. तिथल्या मतदारांनी नोव्हेंबर १९८६ मध्ये हा कायदा मंजूर केला. कर्करोग, जन्मजात व्यंग किंवा प्रजननाला अपाय करणाऱ्या सुमारे ९०० रसायनांची यादी राज्य सरकार ठेवतं. त्यातलं एखादं रसायन ग्राहकाच्या शरीरात जाणार असेल, तर त्याला आधी सांगा, ही मुख्य अट. विक्रीवर बंदी नाही.

सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे वस्तूत रसायन किती टक्के आहे एवढंच बघणं. कायदा विचारतो की वापरताना शरीरात किती जातं. प्रजननाला होणाऱ्या अपायासाठी शिशाची मर्यादा दिवसाला ०.५ मायक्रोग्रॅम आहे. त्यामुळे शिसं असलेल्या पितळेचा एखादा भाग वस्तूच्या आत बंद असेल तर गोष्ट वेगळी, आणि तोच रोज हातात येणारी कडी असेल तर वेगळी. मऊ पीव्हीसीच्या पाऊचचंच बघा. प्लॅस्टिक मऊ करायला डीईएचपी हे थॅलेट गटातलं रसायन वापरलं असेल तर तेही यादीत आहे. लॅबला बॅगेचं नुसतं समोरचं कापड पाठवून भागत नाही. पट्टा, चेनची ओढणी, आतलं अस्तर, सगळे भाग वेगवेगळे तपासायला द्या.

याच्या उलट टोकाची चूक म्हणजे ‘कशाला धोका पत्करायचा’ म्हणून सरसकट सगळ्या मालावर स्टिकर मारणं. मला हे पटत नाही. गरज नसताना इशारा दिला की खऱ्या इशाऱ्याकडेही लोक काणाडोळा करतात, आणि त्यात नुकसान ग्राहकाचंच होतं. तपासणीचा खर्च करा आणि मगच ठरवा.

जुना मजकूर तसाच छापणं

‘या वस्तूत अमुक रसायन आहे’ ही जुनी वाक्यरचना अजून कित्येक छपाईच्या फाइलींमध्ये पडून आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या नियमांनुसार पूर्ण इशाऱ्यात वस्तूमुळे त्या रसायनाशी संपर्क येऊ शकतो असं सांगावं लागतं, निदान एका रसायनाचं नाव द्यावं लागतं आणि इशाऱ्यांसाठीच्या सरकारी वेबसाइटचा पत्ताही. छोट्या इशाऱ्यात पूर्वी रसायनाचं नाव नसलं तरी चालायचं. १ जानेवारी २०२५ पासून तिथेही नाव आवश्यक झालं. जुन्या छोट्या मजकुरासाठी २०२८ च्या सुरुवातीपर्यंत मुभा आहे. आता नवं पॅकिंग छापत असाल तर त्या मुभेवर विसंबू नका, नवाच मजकूर घ्या. लेबलवरची ग्राहकासाठीची माहिती इंग्रजीखेरीज दुसऱ्या भाषेतही असेल, तर इशाराही त्या भाषेत हवा. हे हमखास राहून जातं.

ऑनलाइन विकताना नुसतं डब्यावरचं लेबल पुरत नाही. पैसे भरण्याआधी ग्राहकाच्या नजरेस पडेल अशा ठिकाणी, म्हणजे वस्तूच्या पानावर किंवा तिथल्या ठळक ‘वॉर्निंग’ लिंकवर, तो इशारा हवा. साइटच्या तळाशी अटी-शर्तींत दडवलेला इशारा ग्राह्य धरला जात नाही.

‘आमच्याकडे दहापेक्षा कमी माणसं, आम्हाला सूट’ हे खरं, पण सूट त्या धंद्यापुरतीच. तुमचा माल विकणारा मोठा दुकानदार मोकळा सुटत नाही, म्हणून तो तुमच्याकडे लेखी माहिती मागणारच.

नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका. सरकारी वकिलांप्रमाणे सामान्य नागरिकही लोकहितासाठी या कायद्याखाली दावा लावू शकतो आणि दंडाचा चौथा हिस्सा त्याला मिळतो. दाव्याआधी ६० दिवसांची नोटीस द्यावी लागते. दंड प्रत्येक उल्लंघनाला दिवसाला २,५०० डॉलरपर्यंत जाऊ शकतो. नोटीस हाती पडताच कॅलिफोर्नियातला वकील गाठा, लॅबचे अहवाल आणि पुरवठादाराचे कागद एकत्र करा.

यादी वर्षातून निदान एकदा सुधारली जाते. नवं रसायन आलं की इशारा लावायला १२ महिने मिळतात. पुरवठादाराला त्याच आठवड्यात विचारलंत तर पॅकिंगची पुढची छपाई वाया जाणार नाही.