खाणकाम सुरू असताना वडापाव आणायला उठू नका

‘ईव्ह ऑनलाइन’ या अंतराळातल्या ऑनलाइन खेळात ०.५ किंवा त्यावरच्या सुरक्षेचा भाग म्हणजे बिनघोर, असं नवख्याला वाटतं. तसं नसतंय भावा. काँकॉर्डचे, म्हणजे खेळातलेच, पोलीस हल्लेखोराचं जहाज फोडतात, पण गोळीबार सुरू झाल्यावर. तोवर स्वस्तातल्या चार-पाच कॅटॅलिस्टनी (छोटी लढाऊ जहाजं) मिळून तुमचं जहाज उडवलेलं असतं. माझं रिट्रीव्हर, म्हणजे खाणकामाचं जहाज, असंच गेलं. मी खाली राजारामपुरीत वडापाव घ्यायला उतरलो होतो, वर आलो तर नुसता सांगाडा तरंगत होता.

तेव्हापासून एक सवय लावली आहे. जहाज उभं ठेवायचं नाही. तोंड स्थानकाच्या दिशेला करून हळूहळू सरकत राहायचं, फक्त वेग कमाल वेगाच्या किमान ७५ टक्के हवा. मग वॉर्प (दूरवर झटक्यात नेणारी उडी) दाबताक्षणी जहाज सुटतं. उभ्या अवजड जहाजाला आधी वळून वेग घ्यावा लागतो आणि तेवढ्यात शत्रू वॉर्प जाम करतो. खणत असलेला खडक खाणकामाच्या लेझरच्या पल्ल्याबाहेर जायला लागला की उलट बाजूचा ग्रह धरून परत यायचं. कटकट आहे, पण जहाज वाचतं.

डावीकडे लोकल यादीवर, म्हणजे त्या तारामंडळात असलेल्या खेळाडूंच्या यादीवर, डोळा ठेवा. पूर्वी ज्यांनी छळलं त्यांना लाल खूण करून ठेवली की ते लगेच दिसतात. डायरेक्शनल स्कॅन (आसपासची जहाजं दाखवतो) १४.३ एयूपर्यंतच पोचतो (एक एयू म्हणजे पृथ्वी ते सूर्य एवढं अंतर), तोही अधूनमधून दाबत राहा. त्यात कॅटॅलिस्टचा घोळका दिसला की विचार करत बसू नका, निघा.

आणि सारखं उठावंच लागत असेल तर प्रोक्युरर हे खाणकामाचं दुसरं जहाज घ्या. माल कमी निघतो, पण गडी चिवट आहे.