चवथीपूर्वी लाकडी फ्लोअरिंग बसवताय? आधी या चुका टाळा

गोव्यात घराचं कुठलंही काम चवथीशी, म्हणजे गणेश चतुर्थीशी, बांधलेलं असतं. रंग चवथीपूर्वी, नवं कपाट चवथीपूर्वी, आणि हल्ली लाकडी फ्लोअरिंगही चवथीपूर्वीच. घर माणसांनी भरणार असतं, त्यामुळे ती इच्छा मला पूर्ण समजते. पण चवथ येते ऑगस्ट-सप्टेंबरात. तोवर जून-जुलैच्या पावसाने जमीन पाणी पिऊन बसलेली असते आणि हवेत ओल इतकी की बरणीतल्या मिठाला पाणी सुटतं. लाकूड बसवायला याहून वाईट दिवस वर्षात नाहीत.

आमची चूक दुसऱ्या टोकाची होती. डिचोलीच्या घरी तळमजल्याच्या खोलीत आम्ही मे महिन्यात, जुन्या कोब्यावर (सिमेंटच्या जमिनीवर), सागाच्या फळ्या चिकटवून घेतल्या, त्याही भिंतीला घट्ट भिडवून. जमीन ठणठणीत कोरडी दिसत होती. जुलै संपायच्या आत फळ्यांच्या कडा वर आल्या आणि खिडकीखालचा पट्टा दोन बोटं उचलला गेला. मेस्तांनी (सुतारांनी) फळी काढली तेव्हा खालचा कोबा काळा पडलेला, हाताला ओला लागत होता. फळी चांगली होती, मेस्तांचा हातही चांगला होता. त्याआधी करायचं होतं ते राहिलं होतं. म्हणून ज्यांचं काम अजून सुरू व्हायचं आहे त्यांना माझं कळकळीचं सांगणं: जमीन पावसात तपासा, फळी पाऊस गेल्यावर बसवा.

मे महिन्यात जमीन तपासून समाधान मानणं

आपली बहुतेक जुनी घरं चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची. चिरा सच्छिद्र असतो, जमिनीतलं पाणी वर ओढून घेतो. जोत्यावर डीपीसीचा, म्हणजे ओल वर चढू न देणारा, थर नसेल किंवा तो फुटलेला असेल, तर पावसाळ्यात ओल भिंतीत आणि कोब्यात दोन्हीकडे चढते. भिंतीच्या तळाशी रंगाचे पापुद्रे सुटलेत, पांढरा लोणा (क्षारांची भुकटी) येतोय, असं दिसलं की फ्लोअरिंगचा विचार तिथेच थांबवा आणि आधी ओलीचं बघा. लोण्यावर पुट्टी मारून, वर स्कर्टिंग (भिंतीच्या तळाची पट्टी) ठोकून तो झाकला तर ओल कुठेच जात नाही, ती फळीखाली शिरते.

तपासणी सोपी आहे. साधारण १८ इंच बाय १८ इंच प्लास्टिकचा जाड, पारदर्शक तुकडा जमिनीवर ठेवा आणि चारही कडा टेपने बंद करा. नियमाप्रमाणे किमान १६ तास ठेवतात. मी म्हणेन, जुलैत ठेवा आणि दोन-तीन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं किंवा खालचा कोबा गडद झाला, तर जमीन तयार नाही. एकाच ठिकाणी बघू नका. बाहेरच्या भिंतीजवळ, न्हाणीघराला लागून आणि खोलीच्या मध्ये, असे तीन तुकडे लावा. मात्र ही परीक्षा वरवरची ओल दाखवते. ती पास झाली म्हणजे कोबा आतूनही कोरडा असेल असं नाही. खर्च मोठा असेल तर काँक्रीटच्या आत भोक पाडून आर्द्रता मोजणारा माणूस बोलवा.

नवा स्लॅब किंवा नवा कोबा असेल तर घाई आणखी महाग पडते. कोरड्या हवेत एक इंच जाडीला एक महिना, असा ढोबळ हिशेब धरतात. चार इंचांना चार महिने. त्यातले दोन महिने पावसाचे असतील तर ते धरूच नका.

गोव्यातल्या जुन्या लोकांनी लाकडी जमीन बहुतेक माडीवर केली, तळमजल्यावर नाही. साष्टी-बार्देश तालुक्यांतल्या मोठ्या घरांत बघा: वर फळ्या, खाली कोबा किंवा लाद्या. माडीच्या फळ्या वाशांवर असतात, त्यांना वरून-खालून हवा मिळते. तळमजल्यावर आपण तीच फळी मातीच्या ओलीवर, वारा बंद करून ठेवतो. हा फरक लक्षात ठेवला तर निम्मे निर्णय सोपे होतात.

लाकूड किती फुगतं याचा हिशेबच न करणं

पावसात तुमच्या घराचं एखादं दार चौकटीत अडकतं ना? जमिनीवरच्या फळीतही तेच घडतं, फक्त तिथे एका दाराऐवजी तीस फळ्या शेजारी-शेजारी असतात. हवेतली आर्द्रता ६० टक्के असेल तर लाकूड साधारण ११ टक्के ओलाव्यावर स्थिरावतं, ८५ टक्के झाली की १७-१८ टक्क्यांवर जातं. लाकडातला ओलावा एक टक्का वाढला की सागाची फळी रुंदीत सुमारे ०.१९ टक्के वाढते, ओकची सुमारे ०.३७. तीन मीटर रुंदीच्या खोलीत ओलावा पाच टक्क्यांनी वाढला तर साग जवळजवळ २८ मिलिमीटर पसरू पाहतो, ओक ५५. पॉलिश आणि चिकटवण ही वाढ थोडी रोखतात, पण जोर तेवढाच असतो. आमची खिडकीखालची फळी त्याच जोराने उठली.

त्यात परदेशातून येणाऱ्या फळ्या तिथल्या थंड, कोरड्या घरांसाठी अनेकदा ६ ते ९ टक्क्यांपर्यंत सुकवलेल्या असतात. त्या गोव्यात आल्या की फुगणारच. "पेटी उघडून दोन दिवस खोलीत ठेवा, झालं," असं दुकानात सांगतात. लॅमिनेटला (दाबलेल्या भुश्याच्या, वर लाकडाचं चित्र असलेल्या फळीला) ४८ तास पुरतात. भरीव लाकडाला दिवस मोजून चालत नाही, मॉइश्चर मीटर लावावा लागतो. वेगवेगळ्या पेट्यांतल्या फळ्या मोजा, चार-पाच दिवसांनी पुन्हा मोजा, आकडा हलायचा थांबला की मगच काम. खाली प्लायवूड असेल तर रुंद फळीत आणि प्लायमध्ये दोन टक्क्यांहून जास्त फरक नको. आणि या काळात पेट्या पडवीत ठेवू नका, नुकत्याच रंगवलेल्या बंद खोलीतही नको. जिथे बसवायच्या त्याच खोलीत, आडव्या, जमिनीपासून थोड्या उचलून.

माझं स्पष्ट मत: गोव्यात तळमजल्यावर रुंद, भरीव फळी घेऊच नका. लाकडाचीच हौस असेल तर इंजिनिअर्ड फळी घ्या. वर खऱ्या लाकडाचा थर आणि खाली आडव्या-उभ्या धाग्यांचे थर एकमेकांना धरून ठेवतात, त्यामुळे ती कमी हलते. लॅमिनेट स्वस्त पडतं, पण त्याच्या पोटातल्या दाबलेल्या भुश्यात सांध्यातून पाणी शिरलं की फुगलेली कड पुन्हा बसत नाही.

भिंतीपर्यंत घट्ट बसवणं

चारही बाजूंना १० ते १२ मिलिमीटर फट हवी. खांब, दाराची चौकट, पाइप, सगळीकडे. ही फट नंतर कोणी भरत नाही ना, यावर स्वतः लक्ष ठेवा. रंगारी सहज पुट्टी भरून जातो. स्कर्टिंग भिंतीला ठोकायचं, फळीला नाही. तरंगत्या, म्हणजे जमिनीला न चिकटवलेल्या, फ्लोअरिंगवर भिंतीला पक्कं केलेलं भारी कपाटही ठेवू नका. एका टोकाला फळी दाबली गेली की ती दुसऱ्या टोकाला उठते.

वाळवीचं काम नंतर करू म्हणणं

फळी बसल्यावर ते नीट होतच नाही. बांधून झालेल्या घरासाठी आयएस (भारतीय मानक) ६३१३ च्या भाग ३ मध्ये रीत दिलेली आहे: भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे साधारण ३०० मिलिमीटर अंतरावर भोकं पाडून औषध सोडायचं. हे कोबा उघडा असतानाच करून घ्या. चौकटीला मातीच्या बारीक नळ्या दिसत असतील तर आधी त्या कुठून येतात ते शोधा. फळीखाली प्लाय घालायचा असेल तर आयएस ७१० चा (पाण्याला टिकणारा मरीन प्लाय) घ्या, तिथे पैसे वाचवू नका.

बाकीच्या लहान पण महाग चुका

दोन मीटरची सरळ पट्टी जमिनीवर फिरवून बघा. पट्टीखाली तीन मिलिमीटरपेक्षा जास्त खळगा असेल तर फळी चालताना कुरकुरते आणि तिचे सांधे तुटतात. सेल्फ लेव्हलिंगचा (आपोआप सपाट होणारा सिमेंटचा) थर घातलात तर त्यातही पाणी असतं, तो सुकू द्या. जुन्या लाद्यांवर बसवायचं असेल तर प्रत्येक लादी ठोकून ऐका, पोकळ वाजणारी आधी पक्की करा. ओल अडवायला फळीखाली २०० मायक्रॉनचं प्लास्टिक अंथरताना जोड २० सेंटिमीटर एकमेकांवर घ्या आणि टेपने बंद करा. दारं तासायची असतील तर पावसात फुगलेल्या मापाने तासा. प्लंबिंग, गिलावा, रंग हे सगळं आधी, फळी शेवटी.

बसवून झालंय आणि आता कडा उचलल्यात

लगेच घासून सपाट करायला निघू नका. ही सर्वांत मोठी चूक. कडा वर आल्या म्हणजे खालून ओल येतेय. आत्ता घासलं तर उंच कडा कापल्या जातील, आणि जानेवारीत फळी सुकली की कडा खाली जाऊन मधला भाग उंच राहील. मग इलाज राहत नाही. आधी पाणी कुठून येतंय ते शोधा: छपराचं पाणी जोत्याजवळ पडतंय का, न्हाणीघराचा सांधा फुटलाय का, बाहेरचं अंगण आतल्या जमिनीपेक्षा उंच झालंय का. आमच्याकडे अंगणात नवी लादी घातल्यापासून पाणी भिंतीकडे वळत होतं. ते वळवलं, एक फळी भिंतीजवळून काढून फट मोकळी केली, पंखा आणि डीह्युमिडिफायर (हवेतली ओल शोषणारं यंत्र) चालू ठेवला. उरलेल्या फळ्यांच्या कडा डिसेंबरपर्यंत बऱ्याच खाली बसल्या. रंधा आम्ही फेब्रुवारीत मारला, मीटरचा आकडा तीन आठवडे एकाच जागी राहिल्यावर.