सूर्यावरचे बारके जेट शोधताना या चुका टाळा

सोलर ऑर्बिटर (सूर्याजवळ जाणारं यान) आणि एसडीओ (पृथ्वीभोवती फिरणारी सौर वेधशाळा) यांच्या फ्रेम शेजारी ठेवून कोणी जेट, म्हणजे सूर्यावरून उसळणाऱ्या तप्त, विद्युतभारित वायूच्या (प्लाझ्माच्या) बारीक धारा, जुळवायला बसलं की मी आधी एवढंच विचारतो, प्रकाशाच्या प्रवासाचा हिशेब केलास का? बहुतेक जण गप्प बसतात.

एका नवशिक्याने मोठ्या उत्साहाने आलेख आणला होता. डेटा मार्च २०२२ च्या पहिल्या आठवड्यातला. यान तेव्हा जवळपास सूर्य-पृथ्वी रेषेवर, साधारण निम्म्या अंतरावर होतं. जेट ऑर्बिटरच्या १७४ अँगस्ट्रॉम तरंगलांबीच्या फिल्टरमध्ये आधी दिसला आणि एसडीओवरच्या एआयए कॅमेऱ्याच्या १७१ मध्ये सुमारे चार मिनिटांनी. पठ्ठ्याने त्यावर प्लाझ्मा हळूहळू तापत जाण्याचा अख्खा सिद्धांत रचला होता. दोन्ही फिल्टर जवळपास त्याच, दहा लाख अंशांच्या आसपासच्या प्लाझ्माचे, तरी शंका आली नाही! सूर्याचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला सव्वाआठ मिनिटं लागतात, निम्म्या अंतरावर चार. उरली चार मिनिटं ही तर प्रकाशाची पुढची वाटचाल, तोच त्याचा अख्खा सिद्धांत. आणि २०२३ मध्ये ज्यांचा शोध जाहीर झाला ते अगदी छोटे, पिकोफ्लेअर जेट तर २० ते १०० सेकंदच टिकतात. वेळ दुरुस्त केली नाही तर तुम्ही भलत्याच दोन जेटची सोयरीक जुळवता. माझी सवय अशी की फाइल उघडली की चित्राआधी हेडर (फाइलमधली वेळ वगैरेंची नोंद) वाचायचा आणि सगळ्या वेळा पृथ्वीच्या घड्याळावर आणायच्या. कंटाळवाणं आहे, पण करायचंच.

दुसरा माझा राग दोन फ्रेमवरून वेग काढणाऱ्यांवर. एआयएचा एक पिक्सेल सूर्यावर सुमारे ४३५ किमी, दोन फ्रेममध्ये १२ सेकंद. टोक ओळखण्यात एका पिक्सेलची चूक झाली, तर वेगात सेकंदाला ३६ किमीचा फरक पडतो. तरी लोक ‘१०३.४’ असं दशांशासकट लिहितात. काळ-अंतराचा आलेख काढा, निदान चार-पाच फ्रेममध्ये रेघ दिसू द्या. आणि मिळालेला वेग आकाशाच्या प्रतलातला आहे, दृष्टिरेषेतला, म्हणजे आपल्याकडे येण्याचा किंवा दूर जाण्याचा भाग त्यात नाही, हे लिहा. त्यातही सरकलं ते द्रव्यच होतं असंही नाही. आयरिस या सौर उपग्रहाला दिसलेल्या नेटवर्क जेटमध्ये (सूर्यावरच्या चुंबकीय जाळ्यातून उसळणाऱ्या) चित्रात दिसणारा वेग सेकंदाला ८० ते २५० किमी, डॉप्लरमधला (तरंगलांबीच्या सरकण्यावरून काढलेला) बराच कमी. काही ठिकाणी तापण्याची लाट धावत असते.

एकाच फ्रेममध्ये चमकून गेलेला ठिपका सहसा वैश्विक किरणाचा असतो. मात्र एआयएच्या तयार डेटातून असे ठिपके काढताना कधी खरी बारीक चमकही उडते. शंका आली तर काढलेले ठिपके परत घालून बघा, ते वेगळ्या फाइलमध्ये जपलेले असतात.

हेलिओव्ह्यूअर या संकेतस्थळावरच्या चित्रांवर तेजस्विता मोजू नका. ती बघण्यासाठी आहेत.

फरक-प्रतिमांमध्ये (एका फ्रेममधून दुसरी वजा करून केलेल्या) काळी-पांढरी जोडी दिसली की जेट म्हणून नाचू नका, मूळ फ्रेम उघडा.

जमिनीवरच्या दुर्बिणीतून एच-अल्फात (हायड्रोजनच्या लाल प्रकाशात) सूर्याच्या काठावरचे स्पिक्यूल, म्हणजे वायूचे बारीक फवारे, बघताना हवा थरथरली की तेही हलतात. शेजारचा स्थिर तंतू हलतोय का, ते आधी पाहा.

आणि आल्या आल्या जेट आपोआप शोधणारा प्रोग्राम मागणाऱ्यांना मी तो देत नाही. आधी फिल्म नुसती बघा, पुढेमागे चालवून, डोळे थकेपर्यंत. उंबरठा, म्हणजे किती चमकलं की जेट धरायचा, तो किती ठेवायचा ते त्यानंतर बोलू.