कुत्र्याने आंब्याची कोय गिळली, आता ऑपरेशन: आधी आणि नंतर काय करायचं

आंब्याच्या दिवसांत कचऱ्याच्या डब्यातली कोय बघता बघता कुत्र्याच्या पोटात जाते. ओली कोय निसरडी असल्याने घशातून सहज उतरते, पण जठरातून आतड्यात जाणाऱ्या अरुंद वाटेवर किंवा पुढे आतड्यात अडकते.

१. घरी उलटी काढायला जाऊ नका. मिठाचं पाणी पाजणं तर अजिबात नको, त्याने मिठाची विषबाधा होते. खायला काही न देता डॉक्टरांना फोन करा. त्याच पेटीतल्या आंब्याची एक कोय सोबत न्या, आकाराचा अंदाज येतो. (मांजराच्या तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबत असेल तर तो ओढू नका. दुसरं टोक आत अडकलेलं असेल तर आतडं कापलं जातं.)

२. कोय नेमकी कुठे आहे ते विचारा. हाड किंवा नाणं एक्स-रेत स्पष्ट दिसतं. कोय, पायमोजा, कापड दिसेलच असं नाही, म्हणून सोनोग्राफी सांगतात. वस्तू जठरात असेल तर कधी कधी दुर्बिणीने तोंडावाटे निघते, मग पोट उघडावं लागत नाही. जठराला रक्तपुरवठा भरपूर, त्यामुळे तिथला छेद लवकर भरतो. आतड्याचं ऑपरेशन जास्त जोखमीचं, तिथे उशीर महागात पडतो. खर्चाची चिंता असेल तर परळ, शिरवळ, नागपूर, परभणी इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांच्या दवाखान्यांत चौकशी करा.

३. भुलीची तयारी. वेळ असेल तर साधारण ८ ते १२ तास उपाशी ठेवतात. पाणी कधी बंद करायचं ते डॉक्टर सांगतील. उलट्यांनी शरीर सुकलेलं असेल तर आधी सलाईन, रक्ततपासणी. घरी दिलेली प्रत्येक गोळी सांगा, लाजू नका.

४. घरी आल्यावर. खरी कसोटी इथे लागते, आणि घोळ बहुतेक वेळा मायेपोटीच होतो. ‘बिचारा उपाशी आहे’ म्हणून आजी दूधपोळी पुढे करते. तसं नको. डॉक्टरांनी परवानगी दिली की आधी घोट-घोट पाणी, ते टिकलं तर मऊ भात आणि हाडं काढलेलं उकडलेलं चिकन, मीठ-मसाला न घालता, दिवसातून चार-पाच वेळा थोडं थोडं.

गळ्यातला प्लास्टिकचा कॉलर टाके निघेपर्यंत, म्हणजे सहसा १० ते १४ दिवस, काढायचा नाही. तो दारांना, खुर्च्यांना आपटत फिरेल, तुमच्याकडे केविलवाणं बघेल. बघू दे. पाच मिनिटं चाटलं तरी टाके उसवतात. तोवर आंघोळ नाही, जिने नाहीत, सोफ्यावर उडी नाही. शी-शूसाठी पट्टा लावूनच बाहेर न्या.

दुखतंय म्हणून आपल्या डब्यातली आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल देऊ नका. मांजराला तर पॅरासिटामॉलची एक गोळीही जिवावर बेतते.

५. पहिले पाच दिवस डोळ्यात तेल घालून. आतला टाका सुटून गळती झाली तर ती बहुधा याच काळात होते. पुन्हा उलट्या, पोट फुगलेलं किंवा हात लावू न देणं, फिकट हिरड्या, जखमेतून पाणी किंवा पू, ताप, कोपऱ्यात पडून राहणं, यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. गुदद्वारातून मोजलेलं कुत्र्याचं तापमान १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, त्यामुळे १०१ पाहून घाबरायचं कारण नाही. १०३ च्या वर गेलं तर मात्र रात्र असली तरी फोन लावा.