जुना आयरिश अर्ज वाचताना आधी कागदाची मागची बाजू पाहा

ब्रिटिश राजवटीत आयर्लंडचा कारभार पाहणाऱ्या, डब्लिन कॅसलमधल्या मुख्य सचिव कार्यालयाचे 1818 पासूनचे नोंदणीकृत कागद आज आयर्लंडच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. ते कॅसलमध्येच ठेवलेले असल्यामुळे 1922 च्या फोर कोर्ट्सच्या (डब्लिनमधल्या न्यायालयांच्या संकुलाच्या, जिथे सरकारी दप्तरखाना होता) आगीतून वाचले, हे केवढं भाग्य! त्यात कैद्यांच्या आणि गरजूंच्या अर्जांचा मजकूर बराचसा ठरीव असतो: वर मायना, मग हकिकत, शेवटी 'अर्जदार सदैव प्रार्थना करील'. खरी माहिती अनेकदा घडी केलेल्या कागदाच्या पाठीवर मिळते. तारीख, थोडक्यात विषय आणि अधिकाऱ्याचा शेरा तिथेच असतो. म्हणून छायाचित्र दोन्ही बाजूंचं घ्या.

मायन्यात नुसतं 'लॉर्ड लेफ्टनंट' (आयर्लंडमधला ब्रिटिश राजाचा प्रतिनिधी) असेल तर व्यक्ती तारखेवरून ठरवा. डिसेंबर 1821 ते 1828 या काळात ते पद रिचर्ड वेलस्लीकडे होतं. 1803 च्या इंग्रज-मराठा युद्धावेळचा गव्हर्नर जनरल तो हाच.

अक्षर अर्जदाराचंच आहे असं धरू नका. अर्ज पुष्कळदा लेखनिकाकडून लिहून घेतलेले असत आणि सहीच्या जागी फुली असे. आडनाव सापडत नसेल तर त्याच्या सुरुवातीचं 'ओ' किंवा 'मॅक' गाळून पाहा, नाहीतर गावावरून शोधा.