टीएफए पद्धतीने वायबीसीओचा थर: पाणी कुठे हवं, कुठे नको

निर्वात यंत्रणेशिवाय, नुसत्या द्रावणापासून वायबीसीओचा म्हणजे इट्रियम-बेरियम-कॉपर ऑक्साइडचा उत्तम अतिवाहक (खूप थंड केल्यावर विजेला अजिबात विरोध न करणारा) थर बनवता येतो. काम बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यामुळे: नको तिथे शिरतं, हवं तिथे कमी पडतं. नाशिकला जुलैत भिंती ओलावतात आणि जानेवारीत पहाटे पारा १० अंशांखाली उतरतो, त्यामुळे खोलीच्या हवेवर काहीही सोडू नका.

साधे ॲसिटेट तापवले की बेरियम कार्बोनेट होतं आणि ते सहजी मोडत नाही. ट्रायफ्लुओरोॲसिटिक आम्ल, म्हणजेच टीएफए, वापरलं की बेरियम फ्लोराइड होतं. ते पुढे वाफेने मोडतं. सगळी युक्ती एवढीच.

१० मिली द्रावणासाठी (एकूण धातू १.५ मोलर) इट्रियम ॲसिटेट टेट्राहायड्रेट ०.८४५ ग्रॅम, बेरियम ॲसिटेट १.२७७ ग्रॅम, कॉपर ॲसिटेट मोनोहायड्रेट १.४९७ ग्रॅम घ्या. इट्रियमच्या बाटलीवरच्या पाण्याच्या रेणूंच्या आकड्यावर विसंबू नका. थोडा नमुना भट्टीत ९०० अंशांवर जाळून ऑक्साइड तोला आणि वजन दुरुस्त करा, नाहीतर इट्रियम, बेरियम, कॉपरचं १:२:३ प्रमाण पहिल्याच पायरीला चुकतं. क्षार पाण्यात घालून टीएफए सुमारे २.७ मिली मिसळा; हिशोबाने २.५ मिली लागतं, थोडं जास्त असलेलं बरं. रोटरी इव्हॅपोरेटरवर (कमी दाबात फिरत्या फ्लास्कमधून द्रव आटवणारं यंत्र) ६० अंशांच्या आत निळा चिकट गोळा होईपर्यंत आटवा. मग कोरड्या मेथॅनॉलमध्ये विरघळवून पुन्हा आटवा. दुसऱ्यांदा आटवणं कंटाळवाणं आहे, पण अडकलेलं पाणी आणि ॲसिटिक आम्ल त्यातच निघतं. शेवटी मेथॅनॉलने १० मिली करा.

थर ज्यावर चढवायचा तो आधार म्हणून लँथॅनम ॲल्युमिनेटचा १० × १० मिमी स्फटिक ॲसिटोन, मग आयसोप्रोपॅनॉलमध्ये अल्ट्रासोनिकने धुवा. स्पिन कोटिंग, म्हणजे आधार गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणं: मिनिटाला ३००० फेरे, ६० सेकंद. आर्द्रता ४० टक्क्यांखाली हवी; पावसाळ्यात यंत्राच्या झाकणाखाली कोरडा नायट्रोजन सोडल्याशिवाय ती मिळत नाही. थर दुधाळ दिसला तर तो हवेतलं पाणी प्यायला आहे. पुसा, पुन्हा लावा.

पहिली भाजणी ओलसर ऑक्सिजनमध्ये. कोरड्या वायूत कॉपरचा क्षार उडून जातो, म्हणून साधारण १०० अंशांपासून वाफ सुरू करा. २०० ते २५० अंश हा टप्पा मिनिटाला ०.१ अंश, म्हणजे आठ तासांहून जास्त. इथेच थर सर्वाधिक आकसतो आणि घाई केली की तडकतो. पुढे ३०० पर्यंत ०.५ अंश, मग ४०० पर्यंत २ अंश. वीज जाण्याची भीती असेल तर नियंत्रकाला यूपीएस लावाच. बाहेर येणारा थर तपकिरी, चकचकीत हवा.

दुसरी भाजणी ७८० अंशांवर एक तास, २०० पीपीएम (दहा लाखांत २०० भाग) ऑक्सिजन असलेल्या ओलसर नायट्रोजनमध्ये. बबलर, म्हणजे वायू ज्या पाण्यातून बुडबुड्यांनी जाऊन ओला होतो ते भांडं, २५ अंशांच्या सर्क्युलेटरमध्ये (तापमान स्थिर राखणाऱ्या पाण्याच्या टाकीत) ठेवा. वाफ सुमारे ३ टक्के येते. तोच बबलर थंडीत १० अंशांवर गेला तर वाफ निम्म्याहून कमी होते, आणि एप्रिलच्या उकाड्यात वाढते. बबलर ते भट्टीची नळी हीटिंग टेपने गरम ठेवा, नाहीतर थंडीत वाफेचं वाटेतच पाणी होतं. शेवटची १० मिनिटं वायू कोरडा करा. गार होताना पाणी राहिलं तर तयार झालेला वायबीसीओ खराब होतो. ४५० अंशांवर कोरड्या ऑक्सिजनमध्ये एक-दोन तास ठेवल्याशिवाय अतिवाहकता येत नाही.

बाहेर पडणारा वायू हायड्रोजन फ्लोराइड आहे. तो सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणातून, धुराड्याखालीच काढा आणि त्याने भाजल्यास लावायचं कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी ठेवा. क्वार्ट्झ नळीही त्याने हळूहळू झिजते.

एक्सरे विवर्तनाच्या (स्फटिकांची ओळख पटवणाऱ्या) आलेखात २४.९ अंशांच्या कोनाजवळ शिखर दिसलं तर बेरियम फ्लोराइड उरलंय: वेळ किंवा वाफ वाढवा. तापमान कमी पडलं तर आडवे, सुईसारखे कण उगवतात. त्यांचं शिखर आधाराच्या ४८ अंशांच्या शिखराखाली दडतं, म्हणून ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकातच शोधा.

मोजमापाला १०० मायक्रॉन रुंद पट्टी कोरा. थर २५० नॅनोमीटर असेल तर चौरस सेंटिमीटरला १० लाख अँपिअर म्हणजे फक्त ०.२५ अँपिअर. चांगला थर द्रव नायट्रोजनमध्ये याहून जास्त वीज विनाविरोध वाहून नेतो. नाशिकच्या उंचीवर द्रव नायट्रोजन ७७.४ ऐवजी सुमारे ७६.७ केल्विनला उकळतो, हे तापमापक जुळवताना ध्यानात घ्या. मोजून झाल्यावर गार तुकडा तसाच बाहेर काढू नका, दव धरतं. कोरड्या नायट्रोजनच्या झोतात खोलीच्या तापमानाला आणा आणि डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद डब्यात) ठेवा.