मॅग्नेटिक पेप्टाइड जेल बनवताय? या चुका टाळा

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी; तिच्या बारीक फायबर्सचं पाण्यात जाळं झालं की जेल होतं, आणि त्यात चुंबकीय कण मिसळले की मॅग्नेटिक जेल. हे जेल झालं की बाटलीला चुंबक लावायचा, कणांचा काळा रंग एका बाजूला सरकला की फोटो काढायचा आणि "फायबर्स अलाइन झाले" म्हणून मोकळं व्हायचं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता राहवत नाही म्हणून लिहितोय.

अहो, कण सरकणं वेगळं आणि फायबर एका दिशेत लागणं वेगळं. कण ओढले जातात ते फील्ड एका टोकाला जास्त आणि दुसऱ्या टोकाला कमी असतं म्हणून. दिशा लावायची तर फील्ड शक्यतो सगळीकडे सारखं हवं, आणि ते जेल बनत असतानाच लागतं, कारण एकदा जाळं घट्ट झालं की फायबर हलत नाहीत. शेजारच्या लॅबमधल्या एका पोराने एफमॉक-डायफेनिलअ‍ॅलनिन या पेप्टाइडच्या जेलमध्ये मॅग्नेटाइट (काळं, चुंबकीय आयर्न ऑक्साइड) टाकून असेच फोटो काढले, स्लाइड्सपण तयार केल्या. मी त्याला एवढंच म्हटलं की पेप्टाइड न घालता नुसत्या पाण्यात तेवढेच कण टाक आणि तोच चुंबक लाव. केलं त्याने, आणि हुबेहूब तोच फोटो आला! बरेच महिने गेले होते त्याचे, वाईट वाटलं, पण हा कंट्रोल, म्हणजे तुलनेसाठीचा प्रयोग, पहिल्याच दिवशी करायचा असतो.

माझी सवय अशी: दोन निओडिमियम चुंबक विरुद्ध ध्रुव समोरासमोर ठेवून मध्ये लाकडी ठोकळे घट्ट बसवायचे (बोटं सांभाळा, जोरात आदळतात), आणि मधल्या जागेत सॅम्पल भरलेली पातळ काचेची कॅपिलरी. पृष्ठभागावर साधारण ०.३ ते ०.५ टेस्ला असलेलं फील्ड थोडं लांब गेलं तरी झपकन पडतं, म्हणून हॉल प्रोबने (फील्ड मोजायचं उपकरण) सॅम्पलच्या जागीच मोजा, डबीवरचा आकडा लिहू नका. मग पोलराइज्ड मायक्रोस्कोपखाली स्टेज फिरवायची, दर ४५ अंशाला उजेड-अंधार झाला तर अलाइनमेंटबद्दल बोलू. नुसत्या एसईएमवर (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप, त्यात सॅम्पल सुकवून बघतात) माझा विश्वास नाही, सुकताना पाणी फायबर ओढून गठ्ठे करतं.

दुसरी चूक घाईची. डीएमएसओ या सॉल्व्हंटमधला पेप्टाइडचा स्टॉक (घट्ट द्रावण) पाण्यात टाकला की जेल पटकन होतं म्हणून नवीन मुलांना तोच शॉर्टकट आवडतो, पण तेवढ्यात चुंबकाला काम करायला वेळच मिळत नाही. मी जीडीएल, म्हणजे ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन वापरतो. अल्कलीत विरघळवलेल्या पेप्टाइडमध्ये ते टाकलं की हळूहळू आम्ल तयार होतं आणि जेल सावकाश, सगळीकडे सारखं लागतं. विरजण लावल्यासारखंच आहे हे, लावल्यावर भांडं हलवायचं नाही! पण सिट्रेट लावलेले कण असतील (त्याच्या चार्जमुळे कण एकमेकांपासून लांब राहतात) तर पीएच ५ च्या खाली जाताना सिट्रेटचा चार्ज कमी होतो आणि कण गोळा होतात, म्हणून आधी कण एकटेच त्या पीएचला नेऊन बघा.

मॅग्नेटाइट तपकिरी पडलं असेल तर ते ऑक्सिडाइज होऊन मॅगहेमाइट झालंय, चुंबकाला चिकटतंय म्हणून "तेच आहे" असं लिहू नका.

साध्या डायफेनिलअ‍ॅलनिनच्या नळ्या, ज्या तेल अवीव विद्यापीठात रेचेस आणि गाझित यांनी २००३ मध्ये दाखवल्या, त्या करत असाल तर एचएफआयपी या सॉल्व्हंटमधला स्टॉक दर वेळी ताजा बनवा, ते ६० अंशाच्या आतच उकळतं, उघडं राहिलं की उडून जातं आणि तुमचं कॉन्सन्ट्रेशन बदलतं. फ्युम हूडमध्येच करा, डोळ्यांना फार वाईट.

आणि गरम करून थंड करायची पद्धत वापरणाऱ्यांनो, चुंबकासकट बाटली वॉटर बाथमध्ये बुडवू नका. साधा निओडिमियम ८० अंशाच्या वर कायमचा कमजोर होतो, आणि पुढच्या बॅचला फील्ड का कमी आलं ते शोधत बसावं लागतं.